वीतभर डावीकडे

देवाने हे जग घाईघाईत उरकलं आणि त्यातल्या चुका काढायला माझ्या बायकोच्या मावसभावाला मागे ठेवलं, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. बायको त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं कुवेतला, एगैलात, समोरासमोरच्या इमारतींत राहत होतो. दादा मूळचे नाशिकचे. तेलाच्या कारखान्यांतली प्रेशर गेज आणि तापमापकं तपासून बरोबर करणं ही त्यांची नोकरी. ती दुपारी साडेतीनला सुटायची, दादा मात्र सुटायचे नाहीत. कुणाकडे जेवायला गेले की आधी स्वयंपाकघरात शिरून वजनकाटा तपासत, मग ओव्हन, मग घरात कुणी आजारी असलं तर थर्मामीटर. तपासून झालेल्या वस्तूवर ते एक पिवळी पट्टी चिकटवत. तिच्यावर ‘तपासले’ आणि खाली सही. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा त्या पट्ट्या बघून त्यांना वाटलं, जावयाचं सामान सरकारने जप्त केलंय. दादांचा एक नियम मात्र वाखाणण्यासारखा होता. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी ती मुळात किती चुकत होती, याची वहीत नोंद करायची. “चूक हीसुद्धा माहितीच आहे,” असं ते म्हणत आणि लगेच ती माहिती दुरुस्त करून टाकत.

आमच्या दिवाणखान्यातलं घड्याळ सात मिनिटं पुढे असे. ही बायकोची योजना. कंपनीची बस पावणेसहाला यायची आणि मी जन्मजात उशिरा उठणारा. घड्याळ पुढे आहे हे मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, मी मनातल्या मनात सात वजा करायचो आणि बस मिळायची. एका शुक्रवारी दादांनी खुर्चीवर चढून ते बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी मी सवयीने सात वजा केले, शांतपणे चहा प्यायलो आणि रस्त्यावर येऊन बसचा धूर पाहिला. संध्याकाळी मी तक्रार केली तर दादा म्हणाले, “घड्याळ बरोबर आहे. तुम्ही चुकीचे आहात.” बायकोने काटे पुन्हा पुढे केले, पुढच्या शुक्रवारी दादांनी पुन्हा मागे. वर्षभर हे चाललं होतं.

अशा माणसाच्या हाती कुणी बंदूक देऊ नये. पण दिली, आणि ती प्रत्यक्ष त्यांच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा अकामा, तिथे राहण्याचा परवाना, होता त्या कंपनीच्या म्हाताऱ्या मालकाने. म्हातारबा तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे आमच्याशी झकास हिंदी बोलायचे; दादांना मात्र अरबीत ‘मुहंदिस’, म्हणजे इंजिनिअर, म्हणायचे. वफ्राला त्यांचं शेत होतं आणि शेतावर वडिलांची जुनी बंदूक. कुठल्याशा इंग्रजी पलटणीने लढाई संपल्यावर विकून टाकलेली, वडिलांनी बसऱ्याच्या बाजारात घेतलेली, इराक्यांचा ताबा होता तोवर टोमॅटोच्या खोक्यांखाली लपवलेली आणि पुढे रीतसर परवाना काढलेली. दर हिवाळ्यात एका शुक्रवारी म्हातारबा आणि त्यांचा धाकटा चुलतभाऊ शंभर पावलांवर तुपाचे रिकामे डबे मांडून पाच-पाच गोळ्या झाडत. चुलतभावाकडे दुर्बीण लावलेली नवी कोरी बंदूक होती, तरी आजवर तो एकदाही जिंकला नव्हता. म्हातारबांची नजर अधू होत चालली होती, शेत मुलगा बघत होता, कंपनी पुतणे बघत होते. तो शुक्रवार तेवढा त्यांचा उरला होता.

त्या हिवाळ्यात दादांनी सहज विचारलं, “बाबा, ही नेम बरोबर धरते का?” मुलगा हसून म्हणाला, “वीतभर डावीकडे मारते, आजोबांच्या काळापासून.” झालं! वीतभर चूक, तीही तीन पिढ्यांची, आणि कुणी नोंदसुद्धा केलेली नाही! दादांना त्या रात्री झोप लागली नसणार. त्यांनी बंदूक बरोबर करून द्यायची परवानगी मागितली. म्हातारबांनी हात हलवून “करो, करो” म्हटलं. नातवाने खेळणं मागावं तसंच त्यांना वाटलं असावं.

पुढचे चार शुक्रवार मी वही धरायला वफ्राला जात होतो. दादांनी नळीत चिंध्या घालून पन्नास वर्षांची काजळी काढली. सैल पडलेले स्क्रू आवळले. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून, लाकूड नळीला कुठे दाबतंय ते शोधलं आणि तेवढंच घासलं. गोळ्या एकाच पेटीतल्या. परदेशी माणसाने हत्यार चालवायचं नाही, म्हणून तांदळाच्या पोत्यावर बंदूक टेकवून मुलगा गोळ्या झाडायचा आणि दादा पट्टी घेऊन भोकं मोजायचे. आधी ताटभर पसरणाऱ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत पडू लागल्या, पण वीतभर डावीकडेच. शेवटी नळीच्या टोकाची माशी, जिच्यावरून नेम धरतात ती, मूळच्या जागी बारीक खूण करून त्यांनी केसभर डावीकडे ठोकली. गोळ्या बरोबर मध्यावर. दस्त्यावर पिवळी पट्टी चिकटली. म्हातारबांना हे स्पर्धेच्या दिवशीच दाखवायचं, असं मुलाने आणि दादांनी ठरवलं.

तो शुक्रवार आला. चुलतभावाने पाचातले चार डबे पाडले. म्हातारबा पोत्यामागे बसले, शांतपणे नेम धरला. पहिली गोळी डब्याच्या उजवीकडे वाळूत गेली. दुसरीही. चुलतभाऊ अदबीने खजुराच्या झाडाकडे बघू लागला.

“बाबा, सीधा देखो! आता सीधा!” दादा ओरडले.

म्हातारबांनी बंदूक खाली ठेवली. “बाप ने सिखाया, डब्बे को मत देख, बाजू की हवा को देख. पचास साल हवा को देखा. आज सीधा कैसे देखूँ?” मग त्या पिवळ्या पट्टीवरून बोट फिरवत हसून म्हणाले, “मुहंदिस, तुम बंदूक ठीक किया. मैं खराब हो गया.”

दादांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. दहा मिनिटं मागून घेऊन त्यांनी वही उघडली, खूण शोधली, माशी परत होती तिथे ठोकली आणि नखाने पट्टी खरवडून काढली. उरलेल्या तिन्ही गोळ्यांनी तीन डबे उडवले. तीन विरुद्ध चार. म्हातारबा आयुष्यात पहिल्यांदा हरले. “तीन मारा ना? बस,” असं म्हणून त्यांनीच दादांच्या पाठीवर थाप मारली. परतताना एगैलापर्यंत माझ्या गाडीचा स्पीडोमीटर चुकतोय हे दादांनी एकदाही सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात म्हातारबा नव्हते. मयतीच्या बैठकीहून दादा थेट आमच्याकडे आले. “विचारायला हवं होतं हो मी,” ते म्हणाले. “बंदूक कशी मारते ते विचारलं. तुम्ही नेम कसा धरता, हे नाही विचारलं.” मला फार वाईट वाटलं. मग ते खुर्ची ओढून घड्याळाखाली चढले. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. दादांनी काट्यांना हात न लावता खिशातून पिवळी पट्टी काढली.

आता आम्ही पुण्यात असतो आणि ते घड्याळही. दादा कधी नाशिकहून आले की वर बघतात, सात वजा करतात आणि निघायला उठतात. घड्याळाच्या कडेची पिवळी पट्टी पार विटली आहे, तरी त्यांचं अक्षर वाचता येतं: ‘सात मिनिटे पुढे. घरच्यांना माहीत आहे. हात लावू नये.’