रेडिएटरमधली हळद

आत्या सवाष्ण गेली. धावड्याहून फोन आला तेव्हा काका औषधपाण्यासाठी जालन्यात आमच्याकडंच होते. आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिला शेवटचं हिरवं लुगडं माहेरचं नेसवतात, मळवटाची हळदही माहेरचीच लागते. आत्याचं माहेर म्हणजे आता एकटे काका, तिचा धाकटा भाऊ. दिवस मावळायच्या आत या, तोवर थांबवतो, असं तिकडच्यांनी सांगितलं.

बायकोनं घरच्या हळदीची पुडी बांधली, वाटेत दुकान उघडायला लावून लुगडं घेतलं. काकांनी ते मांडीवर ठेवलं.

आमच्या गाडीच्या रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची. तिला केसासारखी चीर गेल्ती. प्लास्टिकला टाका लागत न्हाई, अख्खा रेडिएटर बदला, असं मिस्त्रीनं बजावलं होतं. पण मी पडलो हुशार. जोडकामाचा दोन रंगांचा मसाला कणकेसारखा मळून स्वतःच थापला आणि आल्यागेल्या पाहुण्यांना बॉनेट उघडून दाखवलाही.

भोकरदनच्या पुढं तो मसाला खापरीसारखा सुटला. काटा लाल पट्टीवर गेला, समोरून वाफ उठली. बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्यानं उभं राहणं मला चांगलं जमतं, ते मी केलं. दोन्ही अंगाला कापसाची रानं, दिवस आखूड. येणाऱ्या काळीपिवळ्या जीपा दाराला माणसं लटकवून पुढं जात होत्या. काकांचं ऑपरेशन झालेलं, मोटारसायकलवर बसायची बंदी. लुगडं एकट्यानं पुढं न्यायला मी तयार होतो, पण काका म्हणाले, भाऊ मी आहे, तू न्हाईस.

इंजिन निवल्यावर काका खाली उतरले. गावी ट्रॅक्टरचा रेडिएटर गळायला लागला की ते त्यात हळद टाकायचे, पाण्याबरोबर फिरून ती फटीत जाऊन बसते. त्यांनी बायकोपुढं हात केला. तिनं पुडी पदराआड घेतली.

"काका, ही आत्याची हळद आहे."

"मंग तिच्याकडंच चाललीय ना, सूनबाई."

ट्रॅक्टरची टाकी पितळेची असते, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. प्लास्टिकवर माझी विद्वत्ता आधीच सिद्ध झाली होती. बायकोनं पुडी सोडली. काकांनी मूठ मूठ हळद ओतली, वरून मी कॅनमधलं पाणी. दाब चढू नये म्हणून टोपण सैल ठेवलं. धार थांबली न्हाई, थेंबांवर आली. थांबत, पाणी भरत आम्ही निघालो. गाडीत उकडलेल्या हळदीचा वास भरला, लग्नघरासारखा. काच उघडावी म्हटलं, तर कुणाचाच हात हलेना.

पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यावर गेल्तं. वाट बघून बघून त्यांनी उचललं होतं, पण विसाव्याच्या जागी तिरडी खाली ठेवून माणसं उभी होती. आत्याच्या अंगावर सासरचंच लुगडं. रस्त्यात नेसवणार कसं? बायकोनं आमचं वरून पांघरवलं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईनं माहेरची हळद मागितली. बायकोनं पुडी उलटी करून झटकली, कागदाला नुसता रंग राह्यला होता.

काका गुडघ्यावर बसले. त्यांचा तळवा पिवळा झाला होता, मधूनमधून काळं वंगण. तो त्यांनी आत्याच्या कपाळावर टेकवला आणि हलकाच फिरवला. तिरडी उचलली गेली.

गाडी परत टेंपोमागं बांधून आणली. काका एवढंच म्हणाले, "नेसवायचं राह्यलं." मी मान हलवली. त्यावर गमतीचं काही बोलून वेळ मारून नेणं मला याआधी नेहमी जमलं होतं.

पुढं मिस्त्रीनं रेडिएटर उतरवला. आतल्या नळ्यांत पिवळा गाळ गच्च बसला होता. हळद कुण्या शहाण्यानं टाकली, असं त्यानं माझ्याकडं बघून विचारलं. मीच म्हणून सांगितलं, तर त्याला नवल वाटलं न्हाई. नवा रेडिएटर बसवायच्या आधी त्यानं इंजिनात पाण्याची नळी सोडली. काका स्टूल घेऊन समोर बसले होते. आधी गडद पिवळं पाणी आलं, मग फिकट होत गेलं. साफ यायला लागलं तसा मिस्त्री नळ बंद करायला वळला.

"चालू दे रे अजून थोडं," काका म्हणाले.