लावा पाच पानं!

भामरागडकडे जेवायला काही मिळत नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आम्ही त्या रस्त्यावर एका दुपारीत चार चुलींवरचं जेवलो. चारांपैकी एकही जेवण वाईट नव्हतं. तिसऱ्यानंतर आमच्यापैकी कोणालाही वाकून चप्पल घालता येत नव्हती, एवढंच.

आधी दुखणं सांगतो. आमच्या रूपालीचं लग्न ब्रह्मपुरीला झालं. सगळं झकास झालं, फक्त शेवटच्या पंगतीला जिलबी संपली. आता शेवटच्या पंगतीला कोण बसावं? प्रत्यक्ष वरमाय! सांगलीकडच्या आमच्या विहीणबाई, सुलभाताई, जिलबीची वाट पाहत बसल्या आणि वाढप्यानं त्यांच्या पानात आणखी एक मूठ भात टाकला. त्या काही बोलल्या नाहीत. तेच वाईट झालं! बोलल्या असत्या तर भांडण होऊन मिटलं असतं. त्याऐवजी तेव्हापासून मी फोनवर "झालं का जेवण?" विचारलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "झालं हो. आमच्याकडे पुरतं."

अशा या विहीणबाई आणि व्याही नानासाहेब थंडीत आमच्याकडे जंगल बघायला यायचे ठरले. लगेच रूपालीचा फोन.

"बाबा, वाघ दिसला नाई तरी चालन, पन सासूबाईच्या तोंडून 'पोट भरलं' निघालं पायजे. नाई तं मी इथी तोंड कुठी लपवू?"

"जेवनाचं माह्यावर सोड," मी म्हणालो.

"म्हनूनच तं फोन केला," ती म्हणाली.

(घरात माझी अशी ख्याती आहे. मी तंद्रीत असतो, असं सगळ्यांचं म्हणणं. तंद्रीत नसतो हो! मी बघत असतो. झाड दिसलं की बघतो, ढग दिसला की बघतो. बघताना कोणी बोललं तर हो म्हणतो, म्हणजे तो माणूस गप्प बसतो. माझं लग्नही असंच ठरलं, असं शोभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं आहे.)

आदल्या रात्री आम्ही आलापल्लीला माझ्या साळ्याकडे, दिलीपकडे, मुक्काम केला आणि सकाळी त्याच्याच जीपनं भामरागडला निघालो. दिलीप गाडी चालवायला, त्याच्या बाजूला खिडकीशी मी (खिडकी मी कोणाला देत नाही, नातं कोणतंही असो), आणि मागे शोभा, सुलभाताई, नानासाहेब. नानासाहेब मितभाषी माणूस. त्यांच्याकडे एकच शब्द, "उत्तम." चहा उत्तम, रस्ता उत्तम, थंडी उत्तम.

काय ती सकाळ! सागाची मोठमोठी झाडं धुक्यात कमरेपर्यंत बुडालेली, वरून ऊन तिरपं उतरतं आहे, आणि पानांवरचं दव टपटप पडतं आहे, इतक्या हळू की वाटावं झाडं आपसात बोलून राह्यली. काच पुसायला दिलीपनं एका चार-दोन झोपड्यांच्या वस्तीपाशी गाडी थांबवली. मागचे तिघं डुलक्या घेत होते. मी खिडकी खाली केली. धुरकट, गोड वास आत आला. खिडकीशी एक बाई येऊन काहीतरी बोलली. मी हो म्हणालो. मग धुक्यातून एक मोर चालत आला आणि मी जगाचा राहिलो नाही.

आता इकडची रीत सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. या रस्त्यावर आयतं जेवण मिळत नाही. कोण येणार, कोण नाही, याचा भरवसा नसताना कोण रांधून ठेवील? म्हणून जाताना सांगून जायचं, किती पानं आणि काय खाणार ते. तुम्ही पुढे जाऊन नदी बघा, तोवर इकडे चूल पेटते, आणि येताना गरम गरम जेवायला बसा. सांगितलं म्हणजे शब्द दिला. मग पोटात जागा असो नसो, पानावर बसावंच लागतं. माणूस आपल्यासाठी चुलीशी बसलेला असतो.

तर धुकं विरल्यावर मी "पाय मोकळे करतो" म्हणून एका नाल्यापाशी उतरलो आणि माझ्या ओळखीच्या तानीबाईला गुपचूप सांगून आलो, "बाई, पाच पानं. गावरान कोंबडा. माह्या विहीणबाई हायेत, नाक कापू नको." तानीबाई म्हणाली, "भाऊ, तुमी निवांत जा." मी कोणाला काही बोललो नाही. सुलभाताईंना एकदम चकित करायचं होतं! लग्नातला डाग एका कोंबड्यात धुवून टाकायचा, असा बेत होता.

पुढे चहाला थांबलो तेव्हा शोभा हॉटेलवालीशी बराच वेळ कुजबुजत होती. मला वाटलं, लोणच्याची कृती विचारत असेल.

भामरागडला पोचलो आणि संगमावर गेलो. तीन नद्या तिथे भेटतात. घाई नाही, गडबड नाही. तीन बहिणी माहेरी आल्यासारख्या सावकाश एकमेकींत मिसळतात आणि पुढे जातात. पावसाळ्यात हेच पाणी रस्ता गिळून बसतं, गाव तुटतं, हे त्या दुपारी सांगूनही खरं वाटलं नसतं. एक डोंगा, खोड कोरून केलेली होडी, मधोमध उभा होता, जसा काही विचार करत होता. सुलभाताई काठावरच्या दगडावर बसल्या आणि कितीतरी वेळानं म्हणाल्या, "इथून उठूच नये असं वाटतं."

"उत्तम," नानासाहेब म्हणाले.

तेवढ्यात दिलीप आला. "चला, मासे तयार हायेत."

"कोनते मासे?" मी दचकलो.

तो माझ्या कानाशी लागला. "तुमी नदी पाहून राह्यले होते, तवा सांगून आलो. भाऊजी, तुमच्यावर सोडलं असतं तं जिलबीसारखं झालं असतं."

जाऊन बसलो. पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. वाफाळता भात, नदीच्या ताज्या माशांचा लाल रस्सा. सुलभाताईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अहाहा!" त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा घ्यायला हात पुढे केला आणि माझ्या डोळ्यांसमोर तानीबाईचा कोंबडा उभा राहिला. इथेच पोट भरलं तर तिकडे काय होणार? माझ्या तोंडून निघून गेलं,

"ताई, जरा बेतानं घ्या."

शोभानं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या घशातला काटा आपोआप खाली गेला. सुलभाताईंनी हात मागे घेतला आणि गोड हसून म्हणाल्या, "बरोबर आहे. मागच्यांना पुरलं पाहिजे."

मेलो! डाग धुवायला गेलो आणि त्यावर माशाचा रस्सा सांडला.

जीप परत निघाली. अर्धपोटी विहीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी मनात म्हणालो, थोडं थांबा ताई, कोंबडा येऊन राह्यला. पण सकाळच्या चहाच्या जागी शोभा म्हणाली, "दिलीप, थांबव. जेवून घेऊ."

"आता? काऊन?" मी ओरडलोच.

"मी सांगून ठेवलं हाय. ताईले साधं, घरचं आवडते. तुमचा काय भरोसा? तुमी कुठं सांगतलं असनच असं नाई, आनं सांगतलं तं कुठी सांगतलं ते ध्यानात असनच असं नाई!"

अंबाडीची भाजी, लाखोळीच्या डाळीचं वरण, तांदळाची भाकर, मिरचीचा ठेचा. सुलभाताईंची खरी भूक तिकडे माशांपाशी अडली होती. ती आता सुटली! त्या जेवल्या, मनापासून जेवल्या. प्रत्येक घासाला माझ्याकडे एक नजर, बेतानं घेऊ का, अशी. मी काय करणार? स्वतः भाकर उचलून वाढली. "घ्या ताई, घ्या! अजून घ्या!" एका हातानं वाढत होतो आणि दुसऱ्या हातानं कपाळ पुसत होतो. नानासाहेबांनी पट्टा एक घर सैल केला.

जीप पुन्हा निघाली. दुपारचं ऊन रस्त्यावर मधासारखं पसरलं होतं, सावल्या काचेवरून संथ सरकत होत्या, मागे तिघांच्या माना एका लयीत डुलत होत्या. असं वाटलं की हा रस्ता संपूच नये, आणि विशेष म्हणजे तो नाला येऊच नये. पण नाला आला.

"दिलीप, थांब," मी मेलेल्या आवाजात म्हणालो. "मी पन सांगून ठेवलं हाय."

"काय सांगून ठेवलं?" शोभा खडबडून जागी झाली.

"कोंबडा."

"अगा मायवो!" म्हणून तिनं कपाळावर हात मारला.

पण तानीबाई पत्रावळी मांडून, पाण्याचे गडवे भरून उभी होती. "या भाऊ, या बाई! घरचा कोंबडा होता, तुमच्यासाठी कापला." आता नाही म्हणायची कोणाची छाती? बसलो. रस्सा असा होता की पोट नाही म्हणे आणि जीभ हो म्हणे. सुलभाताईंना मी हात जोडून सगळं सांगितलं, की त्या माशांच्या वेळी मी का आडवा आलो, हा कोंबडा का लपवला, जिलबीनं माझी झोप कशी उडवली. त्या ऐकत होत्या, जेवत होत्या. शेवटी पानावर दोन्ही हात आडवे धरून त्या म्हणाल्या, "मधुकरराव, पोट भरलं! देवाशपथ भरलं! आता एक शीतही नको."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं रश्श्याच्या तिखटाचं होतं, तरी बरंचसं खरं होतं.) मी झाडाआड जाऊन रूपालीला फोन लावला, पण रेंज नव्हती. मग झाडालाच सांगितलं.

पुढचा रस्ता म्हणजे स्वर्ग. ऊन कलतं झालेलं, सागाची पानं सोन्याची, नानासाहेब घोरत होते तेसुद्धा उत्तम. आलापल्ली जवळ आली. आणि अचानक रस्त्याच्या मधोमध एक बाई, दोन्ही हात पसरून उभी! दिलीपनं ब्रेक लावला.

"किती वाट पाह्यली, भाऊ!" ती म्हणाली. "पाच पानं कवाची लावून ठेवली हायेत."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आणि खरं सांगतो, माझा तोल गेला. दिवसभर शब्द गिळले होते, ते सगळे वर आले. मी जीपमधून उतरलो (उतरायला वेळ लागला) आणि भाषणच दिलं.

"कोन हाय हे? आता कोनी सांगतलं? एका मानसावर भरोसा ठेवायले काय होते तुमाले? ज्यानं त्यानं चोरून सांगायचं! दिलीप, तू? शोभा, तू? का नानासाहेब, आपण?" नानासाहेब घाबरून मान हलवू लागले. "काही ताळतंत्र? काही डोकं? या बिचाऱ्या बाईनं चुलीशी बसून रांधलं, तिच्या कष्टाची काही किंमत? ज्यानं सांगतलं त्यानं पुढं यावं आनं एकट्यानं पाची पानं जेवावी!"

बाई माझ्याकडे टकमक बघत होती.

"पन भाऊ, तुमीच तं बोलले! सकाळी, या खिडकीतून. मी म्हटलं, येतांनी जेवाल का, पाच पानं लावू का? तं तुमी म्हटलं, 'हो, लावा बाई, लावा! किती सुंदर!'"

धुकं. मोर.

मागच्या सीटवरून आधी एक बारीक आवाज आला, मग तो वाढला. सुलभाताई हसत होत्या. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! त्यांच्या मागून शोभा, मग दिलीप. नानासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसरा शब्द काढला. ते म्हणाले, "सोडा."

म्हणजे खायचा सोडा.

पण उतरल्या त्या सुलभाताईच. त्या बाईचा हात धरून म्हणाल्या, "चला, मी बसते. गोडाचं आहे का काही?" बाईनं गुळाची खीर केली होती. अंगणातल्या सावलीत बसून त्यांनी द्रोणभर खीर खाल्ली, अगदी सावकाश. उरलेलं सगळं पानांत बांधून घेतलं, आणि त्या बाईच्या चुलीचा मान राहिला. आलापल्लीला रेंज आल्यावर फोनही त्यांनीच लावला. "रूपाली, लग्नात राहिलेलं गोड आज मिळालं बरं का. आणि तुझ्या बाबांना सांग, पुढच्या वेळी आम्ही उपाशी निघून येऊ."

त्या दिवसापासून आमची दोन घरं फोनवर "जेवलात का?" विचारत नाहीत. "कितव्यांदा जेवलात?" विचारतात.

या थंडीत ते पुन्हा येत आहेत, पुन्हा भामरागड. बेत ठरला आहे, जेवण फक्त शोभा सांगणार. मलाही नेणार आहेत, पण मधल्या सीटवर. एका बाजूला विहीणबाई, दुसऱ्या बाजूला बायको. खिडकी मला देऊ नये, यावर दोन्ही घरांचं एकमत झालं. माझं मत विचारलं तेव्हा मी बाहेरचा ढग बघत होतो, आणि म्हणे मीही हो म्हणालो!