हिरवी की तपकिरी?

अकरा वर्षं लंबूने रस्त्याकडेचे चर खणले. केबल टाकणारे वेगळे, जोडणारे वेगळे. त्याने फक्त खणायचं आणि बुजवायचं. देशभर इंटरनेट पोचवायच्या सरकारी योजनेसाठी माणसं तयार करताहेत, असं कळल्यावर बायकोनेच त्याचा अर्ज भरला. निवड झाली आणि गड्याची कॉलर ताठ झाली.

प्रशिक्षण एका जुन्या गोदामात चालायचं. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला, बोलणं मोजकं. काचेची केसासारखी तार सोलायची, पुसायची, सरळ कापायची आणि दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची. ठिणगी पडली की ती एकजीव होतात. कुदळीला सरावलेला लंबूचा हात या नाजूक कामात असा काही बसला, की शेजारच्या टेबलावरची, आधी ब्युटी पार्लरमध्ये काम केलेली मुलगी म्हणाली, "दादा, भुवया कोरायला लागा, माझी गिऱ्हाइकं पळवाल!"

दुसऱ्या आठवड्यात माशी शिंकली. एका नळीत बारा रंगांच्या बारा तारा. निळीला निळीच जोडायची, नारिंगीला नारिंगीच. लंबूला मात्र हिरवी आणि तपकिरी एकसारख्याच दिसत. लहानपणापासून त्याचा रंगांचा घोळ व्हायचा, पण चर खणणाऱ्याला रंग कोण विचारतं? "बघ गं, बरोबर आहेत ना?" असं त्या मुलीला सहज विचारल्यासारखं विचारून तो वेळ मारून नेऊ लागला. घरी मात्र घास घशाखाली उतरेना. बायकोने विचारलं, की म्हणायचा, "दमलोय गं."

तिसऱ्या महिन्यात चाचणीला प्रत्येकाला वेगळं बसवलं. मॅडमनी त्याचं काम उजेडाखाली धरलं.

"जोड एक नंबर आहेत. पण हिरवीला तपकिरी जोडलीत, तपकिरीला हिरवी. घाई झाली का?"

'हो' म्हटलं असतं तर त्या दिवसापुरतं निभावलं असतं. पण लपवालपवीचा त्याला वीट आला होता.

"नाही मॅडम. मला त्या दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्यापासून."

"आणि हे आत्ता सांगताय?" मॅडम उठून ऑफिसात गेल्या. आता बायकोला काय तोंड दाखवायचं, या विचारात लंबू पिशवी आवरू लागला.

मॅडम हातात त्याचा अर्ज घेऊन परतल्या. "निघालात कुठे? आधी डोळे तपासून कागद आणा. जोडणीचं काम तुम्हाला देता येणार नाही, हे खरं. पण तुटलेली केबल शोधणारी तुकडी आहे, तिथे या. अकरा वर्षं खोदकाम केलंय ना? मला असाच माणूस हवा होता."

लंबूने आवरलेली पिशवी परत टेबलाखाली सरकवली. रडावं की हसावं, त्याला कळेना.

पुढच्याच आठवड्यात सरावाची केबल मॅडमनी मुद्दाम एके ठिकाणी तोडून ठेवली. यंत्राने केबलमधून उजेड सोडून सांगितलं, तूट चौदाशे बारा मीटरवर. तुकडीतल्या मुलांनी मोजणीचं चाक फिरवत जाऊन तिथे खणलं. केबल धडधाकट!

"वाटेत चेंबर किती लागले?" लंबूने विचारलं.

"दोन."

"मग मागे चला. पुढे दुरुस्तीला लागते म्हणून प्रत्येक चेंबरात जास्तीच्या केबलचं वेटोळं ठेवतात. उजेड त्यातून फिरून येतो, तुमचं चाक वरून सरळ जातं." झाकणं उघडून त्याने वेटोळी मोजली. एकात चौदा मीटर, दुसऱ्यात बारा. सव्वीस मीटर मागे येऊन खणलं, तर तुटलेलं टोक हाताला लागलं. मॅडम वहीत बराच वेळ लिहीत होत्या.

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं.

"एवढंच?" तिने कपाळाला हात लावला. "अहो, मला वाटलं काही मोठं दुखणं लपवताय! दोन महिने माझ्या जिवाला घोर."

"सांगायची लाज वाटली गं."

"लाज कसली? लग्नात एक मोजा हिरवा आणि एक तपकिरी घालून आला होतात. माझा भाऊ अजून हसतो!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तीच फॅशन असेल."

दोघंही पोट धरून हसली. त्या रात्री लंबूने दोनदा वाढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून उन्हं वर येईपर्यंत झोपला. महिन्याभराने नेमणुकीचं पत्र आलं. तुकडीत तोच वयाने सगळ्यात मोठा. बायकोने ते पत्र शेजारच्या काकूंना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, म्हणजे जिन्यातही ऐकू जावं.