सलाईनला जाणाऱ्या तिघी

आमच्या जोयडा तालुक्यातल्या पावसात दोरीवरचं धुणं वाळत नाही. एक ओलं असतं तोवर दुसरं येऊन पडतं आणि शेवटी घरभर ओले कपडे. कॅन्सरच्या गोष्टींचं तसंच झालंय. भेटायला येणाऱ्यांना त्या ऐकायच्या नसतात, "बरी आहे मी" एवढंच हवं असतं. मग त्या आत साठत जातात. तुम्ही बसलाय तर सांगते. हसू आलं तर हसा, आम्हीही हसायचो.

आम्ही तिघी होतो. मी रामनगरची, ब्लाऊज शिवणारी. गंगाक्का बाजारकुणंगकडची, साठीच्या पुढची, सगळं आयुष्य भाताच्या शेतात गेलेलं. आणि रेखा, जोयड्याची अंगणवाडीची बाई, आम्हा दोघींपुढं पोरगीच. तिघींना स्तनाचा कॅन्सर, आणि सलाईन बेळगावच्या एकाच हॉस्पिटलात, बहुतेक एकाच दिवशी. किमो हा शब्द आमच्याकडं कुणी वापरत नाही. "सलाईनला गेली" म्हटलं की लोक समजतात आणि आवाज खाली आणतात.

गंगाक्का आता नाही. रेखा आहे, पण ती हे सांगायची नाही. म्हणून मी सांगते.

*

पहिली सलाईन लाल रंगाची असते. गंगाक्काची संपली तशी ती बाथरूमला गेली आणि बाहेर आली ती एकदम शांत. बाकावर नवऱ्याशेजारी बसली. नवरा म्हणजे सोमाण्णा, अतिशय कमी बोलणारा माणूस. त्यांना म्हणाली, "चला घरी. माझं संपलं."

मी शेजारच्याच कॉटवर होते. सोमाण्णांचा चेहरा पांढरा पडलेला बघून मी नर्सला हाक मारली. लघवीतनं रक्त जातंय, असं गंगाक्कानं तिला हळूच सांगितलं. नर्स म्हणाली, "आजी, रक्त नाही ते. औषधाचा रंग उतरतो. उद्यापर्यंत जाईल."

गंगाक्का म्हणाली, "आदी सांगायचं न्हाई व्हय? आत बसून मी माझी बोरमाळ सुनेच्या नावानं सोडली. देवापुढं बोलले मी. आता परत मागू कशी?"

आमची ओळख झाली ती अशी.

*

रेखाचे केस कमरेखाली यायचे. अंगणवाडीतल्या पोरी म्हणे तिची वेणी धरायला भांडायच्या.

सलाईन चालू झाल्यावर एकदा आम्ही रामनगरहून बेळगावची बस धरली. खिडकी उघडी, वारा भरपूर. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ दोनदा खाकरले आणि म्हणाले, "बाई, केस बांधा की जरा. माझ्या तोंडावर यायलेत."

"सॉरी हं," म्हणत रेखानं केस बांधायला हात मागं नेला. हात पुढं आला तो भरूनच. एवढा मोठा पुंजका. ती बघतच राहिली. मग मागं वळली आणि तो तसाच त्यांना दाखवला.

ते गृहस्थ उठले, हात लांब करून आमची खिडकी लावली आणि परत बसले. रणरणतं ऊन होतं, बस तव्यासारखी तापलेली. पण बेळगाव येईपर्यंत ती खिडकी कुणी उघडली नाही.

*

माझं दुखणं वासाचं. शिजणाऱ्या उकड्या तांदळाचा वास आला की पोटातलं सगळं बाहेर यायचं. आता आमच्याकडं चुलीवर भात नाही असं एक घर दाखवा.

आमच्या ह्यांनी भात बंद केला. भिजवलेले पोहे, वर थोडं मीठ आणि ताक. सकाळी तेच, रात्री तेच. मी म्हणायचे, "तुम्ही शेजारी जेवून या." तर म्हणायचे, "मला आवडतात पोहे." मला खरंच वाटलं. अंगात ताप, तोंडात फोड, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्याला काय आवडतं ते बघायला कुणाला शुद्ध होती!

आता घरात भात शिजतो. पण परवा पाहुण्यांकडं गेलो होतो, त्यांनी पोह्यांच्या बशा आणल्या. हे उठून अंगणात गेले आणि निघेपर्यंत आत आलेच नाहीत.

*

नंतरच्या सलाईनांनी बोटं बधिर होतात. नखं काळी पडतात ती गोष्ट वेगळी, पण बोटं आपली नसल्यासारखी वाटतात. चहाचा कप धरलाय की नाही ते बघून ठरवायचं.

मी हट्टानं मशीनवर बसले. लग्नाचा ब्लाऊज होता, मोतिया रंगाचा. बाही लावता लावता त्यावर लाल डाग दिसला, मग दुसरा, मग तिसरा. मला वाटलं तेल उडालं. मग वाटलं कुंकू सांडलं. मी इकडंतिकडं शोधत राहिले, आणि सुई माझ्याच बोटातनं आरपार गेली होती.

दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. मी त्या बोटाकडं बघत बसले, ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मग मशीनवर चादर टाकली.

*

ऑपरेशन झाल्यावर माझी एक लांबची नणंद भेटायला आली. दारातनंच रडायला लागली. माझ्या छातीकडं बघायची आणि रडायची, पुन्हा बघायची आणि रडायची. कुठल्या बाजूचं काढलं, टाके किती, नवरा काय म्हणतो, सगळं रडतच विचारलं. जखमेतलं रक्त उतरायची पिशवी अजून माझ्या कमरेला लोंबत होती, ती सावरत मी तिला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, चहा ठेवला.

जाताना म्हणाली, "तुला भेटून जीव हलका झाला गं."

*

मग करंट. रेडिएशनला आम्ही करंट म्हणतो. तो रोज घ्यावा लागतो आणि रोज जोयड्याहून येणं शक्य नव्हतं, म्हणून तिघींनी बेळगावात एक खोली घेतली. छातीची कातडी भाजल्यासारखी काळी झाली होती. दुपारी खोलीत आलो की पदर बाजूला टाकून पंख्याखाली पडायचं. लाजायचं कुणाला, तिघी सारख्याच.

रेखाची मुलगी अडीच-तीन वर्षांची, आजीजवळ होती. रेखा रोज संध्याकाळी स्कार्फ बांधून व्हिडिओ कॉल करायची. एक दिवस फोन लागला तेव्हा स्कार्फ सरकलेला होता. भुवया नाहीत, पापण्या नाहीत, डोक्यावर काही नाही. पोरगी थोडा वेळ बघत राहिली आणि आजीला म्हणाली, "ही नको. आईला दे फोन."

रेखा हसली. म्हणाली, "आई भाईर गेलीया, बाळा. येईल हं."

फोन बंद झाला. मी काही बोलणार होते, पण गंगाक्कानं मला हातानं गप्प केलं आणि भाजी निवडायला घेतली. रेखानं एक जुडी पुढ्यात ओढली. आम्ही तिघींनी मिळून सगळी मेथी निवडली. रात्री कुणीच जेवलं नाही.

*

घरी परतल्यावर मी चादर काढून मशीन उघडली ती फक्त आमच्यासाठी. बोटांना चिकटपट्टी गुंडाळून तीन थैल्या शिवल्या, ब्लाऊजच्या रिकाम्या बाजूत ठेवायला. विकतची महाग, आणि उन्हात अंगाला चिकटते. मी नाचणी भरली. वजनाला बरोबर बसते.

शेतात जायचं नाही, असं गंगाक्काला बजावलं होतं. पावसाळा लागला आणि ती गेली. चिंब भिजून आली, ब्लाऊज काढून खुंटीला टांगला आणि ताप भरून निजली. काही दिवसांनी तिचा फोन आला.

"बाय, तुझ्या थैलीला कोंब आले."

मला आधी कळेचना. नाचणी भिजून मोडावली होती, शिवणीतनं पांढरे कोंब बाहेर डोकावत होते. मी इतकी हसले की टाक्यांची जागा दुखायला लागली. ती पण हसत होती. मग एकदम म्हणाली, "मालक बघून रडले गं. का रडले ते सांगंनात."

*

रेखाचं सगळं चांगलं झालं. रिपोर्ट स्वच्छ, केस आले, ती अंगणवाडीत परत जायला लागली. मला ती जोयड्याच्या बस स्टँडवर दिसली, लेकीचं बोट धरून, डोक्यात अबोलीचा लहानसा गजरा. मी हात वर केला. तिनं मला बघितलं. नक्की बघितलं. मग लेकीला उचलून घेतलं आणि दुकानांच्या मागनं निघून गेली.

राग नाही आला मला. मी हात खाली घेतला आणि बसची वाट बघत राहिले.

*

माघ लागायच्या आत गंगाक्काचा आजार हाडात उतरला. डॉक्टरांनी परत सलाईन सांगितली. ती म्हणाली, "आता न्हाई." मी तिच्या घरी जाऊन बसले, समजावलं, भांडले, रडले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उळवीच्या जत्रंला येतीस का तेवढं सांग."

जीप केली. देवळापर्यंत चालणं तिला झेपलं नाही. गर्दीच्या कडेला उभी राहून तिनं लांबूनच हात जोडले. मग म्हणाली, "कासाराकडं न्या मला."

काखेतल्या गाठी काढल्या की एखादीचा हात सुजतो. तिचा डावा हात सुजून मांडीएवढा झाला होता आणि उजवा वाळून काठी. मी म्हटलं, "अक्का, त्या हातात काही घालू नको म्हणालेत डॉक्टर."

"मग त्यास्नी सांगू नको."

कासार खाली मान घालून काम करत होता. डावा हात दाबून बघितला, पेटीतलं सगळ्यात मोठं माप काढलं, हळूहळू हिरव्या बांगड्या चढवल्या. गंगाक्कानं दात आवळले, पण हात मागं घेतला नाही. मग त्याच मापाच्या त्यानं उजव्या हातात सरकवल्या. त्या थेट दंडापर्यंत गेल्या आणि हात खाली होताच घरंगळून त्याच्या मांडीवर पडल्या.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. तिच्याकडं, माझ्याकडं, मागं तिच्या चपला हातात धरून उभ्या असलेल्या सोमाण्णांकडं. मग गुपचूप पोरींच्या बांगड्यांची माळ ओढली.

"अक्का, ह्या नाजूक असत्यात," तो म्हणाला. "लहान पोरींच्या. टिकायच्या न्हाईत जास्त."

"माझ्यापुरत्या टिकल्या म्हंजे झालं," गंगाक्का म्हणाली आणि हात तसाच पुढं धरून बसली.