पाण्याचा कठडा

एका गुरुवारी माझा मित्र श्रीकांत गेला. सकाळी सुनंदावहिनींचा फोन आला. मी गाडी काढली आणि हिल्सबरोला त्यांच्या घरी गेलो.

त्याला आता काही आठवडे झाले. डोळ्यांसमोर मात्र हॉस्पिटल येत नाही, ग्रॅनाडातली एक दुपार येते. श्रीकांत पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर. आधी पुण्यात, मग ऑकलंडमध्ये, सगळी नोकरी त्याने पाइप आणि पंप यांच्यात काढली. स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्रा या मूर सुलतानांच्या जुन्या राजवाड्यात पंपाशिवाय, निव्वळ उतारावर पाणी खेळवलं आहे, हे वाचल्यापासून त्याला ते बघायचं होतं. बायपासनंतर डॉक्टरांनी बजावलं, एवढा लांबचा प्रवास आता एकदाच. म्हणून त्या वर्षी आम्ही दोन्ही जोडपी निघालो.

राजवाड्यात शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते; ती चुकली की प्रवेश नाही. आम्ही भर दुपारी गावातून झाडीतल्या वाटेने टेकडी चढत होतो. एके ठिकाणी वाट फुटली. राजवाडा उत्तरेला, एवढं श्रीकांतला पाठ होतं. त्याने मान वर करून सूर्य पाहिला आणि सरळ त्या बाजूला चालू लागला.

"अहो, विचारा ना कुणाला तरी," वहिनी म्हणाल्या.

"विचारायचंय काय त्यात? दुपारचा सूर्य उत्तरेला. चला."

इतकी वर्षं न्यूझीलंडमध्ये राहून आमच्यापैकी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या दक्षिण गोलार्धातल्या घरांत ऊन उत्तरेच्या खिडक्यांतूनच येतं... बरंच चालल्यावर वाट कुणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या चादरींपाशी संपली. माझी बायको मेधा हळूच म्हणाली, "इथे सूर्य दक्षिणेला असतो ना?"

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अहो, पुण्याच्या गच्चीवर माझ्याबरोबर पापड वाळत घातलेत तुम्ही! तिथला सूर्य काय ऑकलंडला गहाण टाकलात?"

श्रीकांतला घाई करू द्यायची नव्हती, म्हणून सगळेच सावकाश मागे फिरलो. उशीर होणार हे चौघांनाही कळत होतं, पण कुणी घड्याळ पाहिलं नाही. दारावरच्या बाईंनी तिकिटं बघून नकारार्थी मान हलवली आणि बागेकडे बोट दाखवलं. बाग उघडी होती. मला श्रीकांतच्या चेहऱ्याकडे बघवेना. तो न्यूझीलंडच्या सवयीने त्यांना "स्वीट अ‍ॅज", म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणाला आणि वळला.

बागेच्या वरच्या अंगाला एक जिना आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर कौलांची पन्हळ बसवलेली आहे आणि तिच्यातून पाणी धावत असतं. आधाराला हात टेकावा तर तो पाण्यातच पडतो. श्रीकांत पन्हळीत हात घालून खाली उतरला. मग वर चढला. पुन्हा उतरला.

"पुरे आता, डॉक्टर काय म्हणालेत?" वहिनी म्हणाल्या.

"पाण्याला धरून चढतोय की!"

आम्ही सावलीत बसून वहिनींच्या डब्यातला चिवडा खाल्ला. त्याची बाही कोपरापर्यंत भिजली होती. "राजवाडा राहिला रे," मी म्हणालो.

"राजवाड्यात राजे राहायचे. आपण पाणीवाले." एवढं म्हणून त्याने चिवड्यातले शेंगदाणे वेचायला सुरुवात केली.

परत आल्यावर त्याने घरामागच्या उतारावरच्या लाकडी पायऱ्यांच्या कठड्यावर उभा चिरलेला पाइप बसवला आणि तो पावसाच्या पाण्याच्या टाकीला जोडला. उतार जमेपर्यंत तो जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून कितीतरी शनिवार तिथे खपत होता. पाणी मध्येच तुंबायचं, नाहीतर काठावरून सांडायचं. वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आज उत्तर कुठे आहे?" आणि तो खिडकीकडे पाणी उडवायचा. त्याच्याकडे जेवायला गेलेला प्रत्येक माणूस ओली बाही घेऊन घरी आला. शेवटच्या महिन्यात तो वरच्या पायरीवर बसून असे, हात पन्हळीत... मी शेजारी बसायचो.

परवा मी गेलो तेव्हा वहिनींनी टाकीचा नळ सोडला. पाणी अजून कुठेही न सांडता खालच्या मेथीच्या वाफ्यापर्यंत जातं.