वैशूताईचा फिशकट

भाऊजींचा, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. “वहिनी, वैशाली बाथरूममध्ये पडलीये, तुम्ही या,” एवढंच ते म्हणाले. अंबरनाथहून बदलापूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, त्यांना फारसं कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले... माझी थोरली नणंद, वैशूताई, पन्नाशीही न गाठता गेली. त्याला आता महिना होऊन गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण तिने भावांसाठी किती केलं, किती सोसलं, तेच सांगतो. खोटं नाही ते. पण मला ती आठवते ती उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका दुकानात, आरशासमोर उकिडवी बसलेली, नवरीच्या लेहेंग्यात.

सासरे अचानक गेले तेव्हा ताईचं कॉलेज नुकतंच संपलं होतं. ती आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली आणि पुढे लाइनची सुपरवायझर झाली. दोन्ही भाऊ शिकले, त्यांची लग्नं झाली. माझंही त्यातलंच एक. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्यांचं सगळं तिनेच अंगावर घेतलं. लग्नाचा विषय घरात कोणी काढेनासं झालं. अशात पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर एका रविवारी जेवताना तिने सांगितलं, की कंपनीतल्या स्टोअरच्या साहेबांशी लग्न ठरवलंय. ते विधुर, शांत माणूस. कोणी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, “आणि मी फिशकट लेहेंगा घालणार आहे.”

फिशकट म्हणजे कमरेपासून मांड्यांपर्यंत अंगाला घट्ट बसणारा आणि गुडघ्यापाशी एकदम फुलणारा. माशाच्या शेपटासारखा. कॉलेजातल्या मुली घालतात. ताई चांगली भरल्या अंगाची, कमरेत रुंद. लग्नापेक्षा लेहेंग्याचाच धक्का सगळ्यांना जास्त बसला. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “मावरा होऊन मांडवान जाशील? बसशील कशी गो? मोठ्यांच्या पाया कशी परशील?” विधींना शालू आणि रिसेप्शनला लेहेंगा, असा मधला मार्ग मी सुचवला. ताई शांतपणे म्हणाली, “मी आजवर सगळ्यात मधलाच मार्ग काढलाय, सुनीता. या वेळी नाही.”

मग आम्ही दोघी कॅम्प दोनला गेलो. दुकानाच्या मालकीणबाई सिंधी, त्यांना सगळे दीदी म्हणायचे. त्यांनी आधी ताईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ए-लाइनचे ढगळ लेहेंगे काढले. “बहनजी, इसमें सब छुप जाता है.” ताई हसली. “छुपाना नहीं है ना, दीदी.” त्यानंतर त्या बाईंचा नूरच पालटला. त्या गादीवर चढून स्वतः तागे उलगडायला लागल्या. नेट ताईने चोळून पाहिलं आणि बाजूला ठेवलं, उन्हाळ्यात टोचेल म्हणून. मखमल जड, शिवाय माणूस आहे त्याहून जाड दिसतो. सॅटिन तिला फार आवडलं होतं. अंगाला लावून ती आरशासमोर उभी राहिली, वळली, आणि स्वतःच म्हणाली, “हे पोटाची प्रत्येक घडी सांगतंय.” शेवटी रॉ सिल्क निघालं, पिकल्या जांभळाच्या रंगाचं. ते अंगाला चिकटत नव्हतं, स्वतःचा आकार धरून उभं राहत होतं. ताईने त्यावर हात ठेवला तो काढलाच नाही.

पण रॉ सिल्क ताणत नाही. पहिल्या ट्रायलला ताईला पाऊल टाकता येईना. दीदी म्हणाल्या, सगळीकडून थोडं सैल करू. ताई तयार होईना. दोघी किती वेळ बोलत होत्या, चिमटे काढून, टाचण्या लावून... शेवटी ठरलं, की घेर गुडघ्याच्या खाली नाही, थोडा वर सुरू करायचा आणि मागे, गुडघ्यांच्या लवणीत, दोन जादा कळ्या, म्हणजे कापडाच्या तिकोनी पट्ट्या, घड्या घालून लपवायच्या. उभं असताना दिसणार नाहीत, बसताना उघडतील. कंबर मात्र होती तेवढीच घट्ट. पुढच्या ट्रायलला ताई दुकानाचा जिना चढली, उतरली, मांडी घालून बसली, उकिडवी बसली. दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनी आपली खरेदी थांबवली होती. मी तिला इतकी वर्षं रोज पाहत होते, पण तिला कंबर आहे, पाठ आहे, ती बाई आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

लग्नात ती मांडवात आली तेव्हा कुजबुज झाली, मग तीही थांबली. विधी झाल्यावर ती थेट सासूबाईंच्या व्हीलचेअरपाशी गेली. सगळ्यांच्या नजरा तिच्या गुडघ्यांवर. ती सावकाश खाली बसली. मागच्या कळ्या उघडल्या, जांभळा घेर जमिनीवर गोल पसरला, आणि तिने आईच्या दोन्ही पावलांवर कपाळ टेकलं. ती बराच वेळ उठली नाही. सासूबाईंनी चांगला हात तिच्या पाठीवर ठेवला, कापडावरून फिरवला. मग म्हणाल्या, “उठ गो आता, चुरगलंल ते.”

परवा भाऊजींनी तिचे कपडे आवरायला बोलावलं. साड्या, ड्रेस वाटून झाले. लेहेंगा कोणाला द्यायचा, असं मी विचारलं. तो तर कोणालाच बसणार नाही. तिच्याच मापाचा होता. भाऊजी म्हणाले, “राहू द्या. ती घालायची तो अधूनमधून.”

“कुठे?” मी विचारलं.

“इथेच. एखाद्या रविवारी सकाळी. घालून चहा करायची, मग आम्ही गॅलरीत बसायचो.”

मी घेर वर करून पाहिला. कडेला चहाचे दोन-तीन पुसट डाग होते. कमरेपाशी कापडाला तिचा आकार आला होता. हँगरला लावला तरी तो मोडत नव्हता. मी तो परत कपाटात लावला. घेरामुळे दार पूर्ण लागेना. मी कापड आत सारायला लागले तर भाऊजी म्हणाले, “असू द्या वहिनी, ते दार कधीच लागत नाही.”