तिच्या तासाला काय चालायचं

बायको गेली माघात. त्या उन्हाळ्यात आमच्या तेलुगू राज्याचे दोन तुकडे व्हायचे होते, टीव्हीवर दिवसभर तेच. मला त्याचं काही पडलेलं नव्हतं. मला एकच कोडं पडलेलं. काचीगुड्याच्या आमच्या मराठी मंडळाच्या शिबिरात अकरा ते बाराचा तास ती इतकी वर्षं घ्यायची, तर त्यात ती करायची काय? पोरं बाराला बाहेर यायची ती घामाने डबडबलेली, आणि मराठीत भांडत. घरी हीच पोरं तेलुगूत बोलायची, नाहीतर उर्दूत.

मी तिला स्कूटरवर फाटकापर्यंत सोडायचो आणि समोर चहा पीत बसायचो. "पोरं खेळवायला काय अक्कल लागते," असं तिच्या तोंडावर म्हणायचो. एकदाही आत डोकावलो नाही. जिवंतपणी विचारलंही नाही.

मे महिन्यात मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. "तो तास तुम्हीच घ्या. पण पोरं टिकली नाहीत तर शनिवारी शिबिर बंद. हॉल लग्नाला मागतायत."

मी चौथी शिकलेला, बस डेपोतला फिटर. तरी हौ म्हणालो. तिची गोष्ट बंद पडलेली मला बघवली नसती.

सोमवारी मी डेपोतल्यासारखी रांग लावली. फळ्यावर लिहिलं, इथे फक्त मराठी. जो दुसरं काही बोलेल तो भिंतीकडे तोंड करून उभा. अर्ध्या तासात सगळे गप्प. मला वाटलं, जमलं. बुधवारपर्यंत बावीस पोरांची नऊ झाली.

घरी येताना स्कूटरवर मागे नात होती. नऊ वर्षांची, बोलायला माझ्यावर गेलेली. तिला विचारलं, "आजी काय शिकवायची गं?"

"काही नाही. आंधळी कोशिंबीर."

"रोज?"

"रोज. पट्टी आजीच्याच डोळ्यांवर. आपण सकाळी काय खाल्लं ते ओरडायचं. आजी आवाजावर पकडणार. तेलुगूत ओरडलं की आजीला ऐकूच यायचं नाही."

"तिला झकास तेलुगू यायचं. भाजीवालीशी तासभर भांडायची."

"खेळात नाही यायचं, आजोबा."

"मग तुमचं बरंच की. सुटलात."

"सुटून काय करायचं? आजीने पकडलं की डोक्यावर घंटी वाजवायची. तीच तर मजा. पण आधी ती खांबाला धडकायची. तुम्ही नुस्तं उभं करता."

चाळीस वर्षांत पत्त्यांचा एक डाव मला जिंकू न देणारी बाई रोज खांबाला धडकायची? माझा विश्वास बसेना.

गुरुवारी तिचा शिबिराचा डबा उघडला. आत घंटी आणि जुन्या साडीची पट्टी. मी पट्टी बांधली. पोरं बिचकली. कुणीतरी "ताता, ताता" अशी तेलुगूत आजोबांची हाक मारून बघितली, मी ढिम्म. चार पावलं टाकली आणि खांबाला धडकलो. मुद्दाम नाही, खराच. सगळा हॉल हसला. मग कोपऱ्यातून आवाज आला, "मी इडली खाल्ली, आजोबा, इकडे!" आणि चहूकडून सुरू झालं. तोडकंमोडकं, उर्दूची शेपटी लावलेलं, पण मराठी. नात ओरडली, "मी करपलेली पोळी खाल्ली! आजोबांनी केलेली!"

पळता पळता पट्टी जराशी सरकली आणि मी थांबलोच. साडी मधोमध विरली होती. आरपार दिसत होतं. म्हणजे तिला सगळं दिसायचं. कोण ओरडतंय, कोण ओठ मिटून उभं आहे, खांब कुठे आहे. तरी धडकायची.

शनिवारी एकोणीस पोरं होती. खेळ रंगात असताना विरलेल्या जागेतून मला दारात सेक्रेटरी दिसले, हातात हॉलच्या किल्ल्या. मी हात पुढे करून त्यांच्यावरच चालून गेलो.

"अहो, मी आहे मी."

"असं नाही, काका," पोरं ओरडली. "काय खाल्लं ते सांगा."

त्यांनी पोरांकडे बघितलं. किल्ल्या खिशात टाकल्या.

"पोहे," ते म्हणाले.

मी त्यांना पकडलं नाही. खांबाकडे वळलो.